चिमुकल्या मुठीतील आशिया

भूगोलाचा अभ्यास मुलाने कोणत्या वर्षी सुरू करावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शाळांनी फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. महाराष्ट्रातील मूल तिसऱ्या इयत्तेत आपल्या जिल्ह्याचा परिचय करून घेते, पुढे राज्याकडे आणि देशाकडे वळते; पृथ्वीवरील खंडांपर्यंत पोहोचावयास त्यास आणखी काही वर्षे लागतात. हा क्रम सयुक्तिक आहे. परंतु मूल या क्रमाची वाट पाहात थांबत नाही. मामा दुबईस गेला, की चार वर्षांचा भाचा दुबई कोठे आहे, तेथे आगगाडी जाते का, आणि मामा तेथे रात्री झोपतो तेव्हा आपल्याकडेही रात्रच असते का, असे एकामागून एक विचारू लागतो. भूगोल हा विषय शाळेत येण्यापूर्वीच भूगोलाचे प्रश्न घरात येऊन बसलेले असतात.

या प्रश्नांस सामोरे जाण्याच्या दोन तऱ्हा आज प्रचारात आहेत. पहिली पाठांतराची. मुलाकडून देशांची नावे आणि राजधान्या घोकून घ्याव्यात, पाहुणे आले म्हणजे त्यास पुढे उभे करावे, आणि ‘मंगोलिया’ म्हटल्याबरोबर ‘उलानबातर’ असे उत्तर आले की सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात. या वयात स्मरणशक्ती तल्लख असल्याने हे साधते, यात नवल नाही. पण त्याच मुलाला ‘मंगोलियास समुद्रकिनारा आहे का?’ असे विचारले, तर ते गोंधळून आईकडे पाहू लागते. कारण मंगोलिया हा त्याच्या दृष्टीने एक ध्वनी असतो, एक जागा नसते. दुसरी तऱ्हा सावकाशीची आहे. तीत मुलाच्या हातास प्रथम माती आणि पाणी भेटते, मग आकार, मग नाव, आणि नावाच्या मागोमाग तेथील माणूस. या दुसऱ्या तऱ्हेचा परिचय वाचकांस करून द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

बंगळूरची जमीन

त्यासाठी बेंगळुरू, म्हणजे आपल्या मराठी घरांतील बंगळूर, या शहराकडे पाहणे सोयीचे होईल. मराठी माणसास हे शहर परके नाही. १६३८ साली ते विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत समाविष्ट झाले. मराठी घराण्यांचा आणि या शहराचा संबंध इतका जुना आहे. आज तेथील शिशुवर्गांत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषा घरी बोलणारी मुले एकाच सतरंजीवर बसलेली दिसतात. माँटेसरी पद्धतीच्या बालशाळाही येथे पुष्कळ आहेत. पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या शहराची जमीन हाच भूगोलाचा एक उत्तम पाठ आहे.

लालबागेत एक उघडा, गोलसर खडक आहे आणि त्याच्या माथ्यावर केंपेगौडाचा बुरूज उभा आहे. हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला आहे. लहान मूल त्यावर हातापायांनी चढते, दुपारी त्याचा चटका घेते, पावसाळ्यात त्यावरून ओघळणारे पाणी पाहते. सुटीत हेच मूल आजोळी साताऱ्यास किंवा नाशिकला गेले, तर तेथील डोंगर त्यास काळ्या पाषाणाचे दिसतात. तो पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. बंगळूरचा एक खडा आणि सह्याद्रीचा एक खडा मुलाच्या दोन हातांत ठेवावा. दख्खनचे पठार सगळीकडे सारखे नाही, हे त्यास व्याख्येवाचून कळते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, पठाराच्या एका कण्यावर वसले आहे. या कण्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावती यांच्या वाटेने कावेरीस मिळतो. पूर्वेस पडलेला पाऊस बेळ्ळंदूर, वर्तूर या तलावांतून दक्षिण पिनाकिनीकडे जातो. मोठी नदी शहरास लाभलेली नाही. म्हणूनच १५३७ साली शहर वसविणाऱ्या केंपेगौडाने आणि त्याच्या वंशजांनी येथे तलाव बांधले. उंचावरचा तलाव भरला की त्याचे पाणी खालच्या तलावात उतरे. त्यांपैकी धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे, आणि संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. आता शहरास कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात येथे पाण्याची किती टंचाई झाली, ते सर्वांनी पाहिले आहे.

शिशुवर्गाच्या लेखात हे कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे, की जमिनीचा चढउतार आणि पाण्याची वाट ज्याला लहानपणी हाताने कळली, त्याला मोठेपणी तलाव का बुजवू नये हे वेगळे शिकवावे लागत नाही. शंभर राजधान्या पाठ असलेल्या मुलास आपल्या नळाचे पाणी कोठून येते हे ठाऊक नसावे, ही या विद्येची मोठी उणीव आहे.

पद्धत कोठून आली

नकाशाचे तुकडे करून मुलांच्या हाती देण्याची कल्पना नवी नाही. १७६६ च्या सुमारास लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने युरोपचा नकाशा लाकडावर चिकटविला आणि देशांच्या सीमांवरून कापून त्याचे तुकडे विकावयास ठेवले. आज घरोघरी मुले चित्रांचे जे तुकडे जुळवीत बसतात, त्या खेळाचा उगम असा भूगोलाच्या पाठात आहे.

या कल्पनेस शिस्तबद्ध रूप दिले ते डॉ. मारिया माँटेसरी यांनी. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासनजीक अड्यार येथे आल्या. काही महिन्यांसाठी आलेल्या माँटेसरीबाईंस महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहावे लागले. अड्यार, कोडाईकनाल, अहमदाबाद अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकवर्ग चालविले. कोडाईकनालच्या डोंगरात मुलांसमवेत काम करताना त्यांचा एक विचार पक्का झाला: मुलास प्रथम संपूर्ण विश्व दाखवावे, मग त्यातील भाग, म्हणजे प्रत्येक भाग कोठे बसतो, हे त्यास समजते.

मराठी वाचकांस या संदर्भात ताराबाई मोडक यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून ताराबाईंनी ही दृष्टी आत्मसात केली, आणि पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ती खेड्यापाड्यांत नेली. परदेशी बनावटीची महाग साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांचीच साधने केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालविली. कारण त्यांच्या मते साधनाची किंमत महत्त्वाची नव्हती, साधन मुलाच्या हाती असणे महत्त्वाचे होते. पुढे जे सांगावयाचे आहे, ते कोणत्याही घरात करता येते, ते याच विचाराच्या आधारावर.

परातीतील जोड्या

पाठाचा प्रारंभ नकाशाने होत नाही, पाण्याने होतो. दोन सारख्या पराती घ्याव्यात. एकीत मध्यभागी शाडूचा किंवा चिकणमातीचा गोळा थापावा. दुसरीत त्याच आकाराचा खळगा ठेवून भोवती सगळीकडे माती थापावी. मग मुलाने तांब्यातून पाणी ओतावे. पाण्यात थोडा खाण्याचा निळा रंग घातलेला असावा. पहिल्या परातीत मातीभोवती पाणी झाले, हे बेट. दुसरीत पाण्याभोवती माती झाली, हे सरोवर. जे एकीत जमीन आहे, तेच दुसरीत पाणी आहे. मूल दोन्हींकडे आळीपाळीने पाहते आणि पुन्हा एकदा पाणी ओतण्याची परवानगी मागते. ती द्यावी. पाण्याचा हा खेळ म्हणजेच अभ्यास होय.

अशा चार जोड्या आहेत: बेट आणि सरोवर, भूशिर आणि उपसागर, द्वीपकल्प आणि आखात, संयोगभूमी आणि सामुद्रधुनी. आपल्या भाषेची गंमत अशी, की या शब्दांतच त्यांचे चित्र आहे. भूशिर म्हणजे जमिनीने समुद्रात घातलेले डोके. द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ द्वीपच, फक्त एका बाजूने जमिनीस चिकटलेले. संयोगभूमी ही दोन मोठ्या भूभागांस जोडणारी चिंचोळी जमीन. धुनी म्हणजे नदी; तेव्हा सामुद्रधुनी ही दोन समुद्रांमधून वाहणारी जणू नदीच. शब्द मोठे आहेत म्हणून मुलांस ते झेपणार नाहीत, ही भीती अनाठायी आहे. ज्या मुलास ‘हेलिकॉप्टर’ म्हणता येते, त्याला ‘सामुद्रधुनी’ही म्हणता येते, अट एवढीच, की शब्द येण्याआधी त्याच्या बोटांनी ती परातीत पाहिलेली असावी.

बंगळूरच्या वर्गात याच वेळी कन्नड शब्दही येतात. भूशिर हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. सामुद्रधुनीस कन्नडमध्ये जलसंधी म्हणतात आणि संयोगभूमीस भूसंधी. मराठी मुलास हे दोन्ही शब्द माहीत झाले, तर त्याचे काही बिघडत नाही; उलट एकाच आकारास दोन नावे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात, हे त्यास फार लवकर कळते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानलेला असून त्यात घरच्या भाषेवर आणि खेळण्यांतून शिकण्यावर भर दिलेला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने ‘जादुई पिटारा’ या नावाने या वयाच्या मुलांसाठी खेळसाहित्याचा संचही प्रसिद्ध केला. परातीचा पाठ या धोरणाशी सर्वस्वी जुळणारा आहे.

आकार ओळखीचे झाले, की त्यांची खरी ठिकाणे दाखवावीत. बेट म्हणजे श्रीलंका. भूशिर म्हणजे कन्याकुमारी. आखात म्हणजे कच्छचे. सामुद्रधुनी म्हणजे भारत आणि श्रीलंका यांमधील पाल्कची. सरोवर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्का आदळून त्याचा खळगा झाला, हे सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. संयोगभूमीसाठी थोडे दूर जावे लागते: थायलंडच्या दक्षिणेस क्रा नावाची चिंचोळी पट्टी आहे, तिच्या एका अंगास अंदमानचा समुद्र आणि दुसऱ्या अंगास थायलंडचे आखात. आणि द्वीपकल्प? ज्यावर बंगळूर, पुणे, हैदराबाद ही शहरे उभी आहेत, ती आपली दक्षिण भूमीच. मुलास असे सांगावे, की तू आता एका मोठ्या द्वीपकल्पावर उभा आहेस. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरातील मूल हे ऐकून काही वेळ विचारात पडते.

गोलापासून तुकड्यांपर्यंत

यानंतर पृथ्वीगोल येतो. माँटेसरी वर्गात दोन गोल असतात. पहिल्यावर जमीन काचकागदाप्रमाणे खरखरीत आणि पाणी गुळगुळीत असते. मूल डोळे मिटून बोट फिरविते आणि किनारा ओळखते. दुसऱ्यावर प्रत्येक खंडास एक ठराविक रंग असतो. आशिया पिवळा, आफ्रिका हिरवा, युरोप तांबडा, उत्तर अमेरिका नारिंगी, दक्षिण अमेरिका गुलाबी, ऑस्ट्रेलिया तपकिरी आणि अंटार्क्टिका पांढरा. हेच रंग पुढे सपाट नकाशावर येतात, म्हणून गोल उलगडून नकाशा कसा झाला, हे मुलास रंगांवरून जुळविता येते.

मग एकेका खंडाचा लाकडी नकाशा. प्रत्येक देशाचा एक तुकडा आणि त्यावर धरावयास लहानशी मूठ. मूल तो तुकडा उचलते, त्याच्या कडेवरून बोट फिरविते, कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढते, आणि जागेवर परत बसविते. बसला नाही, तर तुकडाच तसे सांगतो. शिक्षिकेस ‘चूक’ म्हणावे लागत नाही. आपण आशियापासून प्रारंभ करावा, हे उघड आहे. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे तीन-दशांश भाग या एका खंडाने व्यापलेला आहे. जगातील सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट (८,८४८.८६ मीटर) येथेच, आणि सर्वांत खोलगट जमीन, मृत समुद्राचा काठ, तीही येथेच. सर्वांत खोल सरोवर बैकल आणि विस्ताराने सर्वांत मोठे सरोवर कॅस्पियन याच खंडात मोडतात. कॅस्पियनला समुद्र म्हणतात खरे, पण परातीतील कसोटी लावली तर चहूबाजूंनी जमीन असलेले ते सरोवरच. असा निवाडा मुलांना स्वतः करू द्यावा. त्यात त्यांना मोठा आनंद वाटतो.

आशियातील जवळपास पन्नास देश एकदम पुढे मांडू नयेत. प्रथम भारताचा तुकडा, मग त्याला भूमीने चिकटलेले सात शेजारी: पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि म्यानमार; नंतर समुद्रापलीकडील श्रीलंका आणि मालदीव. एवढे देश वर्षभरात खऱ्या अर्थाने परिचित झाले, तरी पुष्कळ झाले. नावे सांगताना माँटेसरीबाईंची तीन पायऱ्यांची रीत उपयोगी पडते. प्रथम ‘हा नेपाळ’ असे सांगावे. दुसऱ्या वेळी ‘नेपाळ कोठे आहे, दाखव पाहू’ असे म्हणावे. आणि मूल न चुकता दाखवू लागले म्हणजेच ‘हा कोणता?’ असे विचारावे. पाठांतराच्या घाईत आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळतो आणि तिसरीवरच मुलास उभे करतो.

डब्यात डबा

येथे एक अडचण येते आणि ती पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही. ‘तू कोठे राहतोस?’ या प्रश्नास मूल ‘बंगळूर’ असे सांगते. ‘भारतात नाही का राहात?’ असे विचारले, की ‘नाही, मी बंगळूरला राहतो’ असे उत्तर येते. यात मंदपणा नाही. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९५१ साली एका सहकारिणीसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिनिव्हा येथील मुलांस असेच प्रश्न विचारले होते. आपण जिनिव्हाचे आहोत, तेव्हा स्विस असू शकत नाही, असे अनेक लहान मुलांचे म्हणणे पडले. शहर आणि देश त्यांनी एकमेकांशेजारी काढलेल्या दोन वर्तुळांनी दाखविले; एकाच्या पोटात दुसरे, हे त्यांच्या मनात अद्याप आले नव्हते.

आपल्या घरात या अडचणीवर एक सोपा उपाय आहे. स्वयंपाकघरातील एकात एक बसणारे डबे काढावेत. सर्वांत लहान डब्यावर आपल्या घराचे चित्र चिकटवावे. त्याबाहेरच्या डब्यावर बंगळूर, मग कर्नाटक, मग भारत, मग आशिया, आणि सर्वांत मोठ्या डब्यावर पृथ्वी. मुलाने ते एकात एक घालावेत व काढावेत. घराचा डबा भारताच्या डब्यात असताना तो कर्नाटकाच्या डब्यातूनही बाहेर पडलेला नसतो, हे हातास कळते आणि हळूहळू मनासही.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांस या पाठाचे महत्त्व विशेष आहे. आजी कोल्हापूरची, घरची भाषा मराठी, शेजाऱ्यांशी बोलणे कन्नड, शाळेतील पुस्तक इंग्रजी, असे मूल लहानपणापासून ‘आपण नक्की कोठले?’ हा प्रश्न मनात बाळगून असते. दोन्हींपैकी एकच निवडावे लागेल, असे त्यास वाटू देऊ नये. डब्यांचा खेळ त्यास सांगतो, की मराठी बोलणे, बंगळूरचे असणे आणि भारतीय असणे या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. हेच इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांस आणि पुण्यात वाढणाऱ्या कन्नड मुलांसही लागू आहे.

स्वयंपाकघरातील आशिया

देशाचे नाव मनात टिकते, ते त्या देशाच्या एखाद्या वस्तूशी त्याचा संबंध जुळला म्हणजे. या दृष्टीने आपले मसाल्याचे डबे हा आशियाचा नकाशाच आहे. फोडणीतील हिंग मुख्यतः अफगाणिस्तान, इराण या कोरड्या डोंगराळ प्रदेशांतून येतो. लवंग आणि जायफळ ही इंडोनेशियातील मालुकू बेटांची देणगी. कित्येक शतके ती जगास तेथूनच मिळत, आणि त्यांच्या शोधार्थ युरोपची जहाजे निघाली. खजूर अरबस्तानचा आणि इराकचा. चहा हे नावच चिनी भाषेतून आलेले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, हेही सांगावे: आपली शर्करा इराणात शकर झाली, अरबस्तानात सुक्कर झाली, आणि पुढे युरोपात पोहोचली.

बंगळूरच्या घरात सकाळी दरवळणारी कॉफीही आशियाच्याच वाटेने आली. बाबा बुडन नावाच्या साधूने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात पेरल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरास आज बाबाबुडनगिरी म्हणतात. म्हैसूरच्या रस्त्यावरील रामनगर येथे रेशमाच्या कोषांचा मोठा बाजार भरतो, आणि रेशीम ही मुळात चीनची विद्या. त्याच रस्त्यावर पुढे चन्नपट्टण लागते. तेथील लाखेच्या रंगांत घोटलेली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. टिपू सुलतानाच्या काळी इराणी कारागिरांकडून ही कला येथे आली, अशी परंपरा सांगतात. मुलाच्या हातातील भिंगरीसुद्धा अशी दूरच्या देशाची गोष्ट सांगू शकते.

मात्र एक पथ्य पाळावे. जपान म्हणजे पंखा, अरबस्तान म्हणजे उंट, चीन म्हणजे ड्रॅगन, अशा एकेका चिन्हात देश गुंडाळू नये. आपला देश केवळ हत्ती आणि गारुडी यांवरून कोणी ओळखला, तर आपणांस कसे वाटेल? तेथील मुले सकाळी काय खातात, त्यांच्या घराचे छप्पर कसे असते, जवळ नदी आहे की वाळवंट, असे साधे दोन-तीन प्रश्न घ्यावेत. मंगोलियातील गवताळ मैदानावर काही कुटुंबे आजही घडी करून नेता येतील अशा गोल तंबूंत राहतात, कारण जनावरांमागे त्यांना फिरावे लागते. आणि त्याच देशाच्या राजधानीतील मुले उंच इमारतींत राहून बसने शाळेस जातात. हे दोन्ही सांगितले, म्हणजे उलानबातर या शब्दात जीव येतो.

रेषा कोणी काढली?

तुकड्यांचा नकाशा जुळविताना कधी ना कधी एखादे मूल विचारते, की ही रेषा जमिनीवर दिसते का? हा प्रश्न फार मोलाचा आहे. पर्वत, नदी, समुद्र हे आपोआप झालेले; देशांच्या रेषा माणसांनी ठरविलेल्या, हे त्यास सांगावे. उदाहरण म्हणून ब्रह्मपुत्रेवरून बोट फिरवू द्यावे. ती तिबेटच्या पठारावर त्सांगपो म्हणून वाहते, भारतात ब्रह्मपुत्रा होते, बांगलादेशात जमुना म्हणवून घेते. पाणी तेच, नावे तीन. नदी रेषेपाशी थांबत नाही, म्हणून तिच्या काठच्या शेजाऱ्यांस एकमेकांचा विचार करावा लागतो.

रेषा माणसांनी काढलेल्या, म्हणून त्या क्षुल्लक, असा मात्र याचा अर्थ नव्हे. घराच्या भिंतीही माणसांनीच बांधलेल्या असतात. त्यासाठी नकाशा घेताना काळजी घ्यावी. परदेशी बनावटीच्या काही खेळण्यांत भारताच्या सीमा चुकीच्या दाखविलेल्या असतात. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा हाच आपणांस प्रमाण असून, विकत घेतलेला तुकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

या रेषांचे ओझे माणसांवर कसे पडते, हे खुद्द माँटेसरीबाईंनी याच देशात अनुभवले. १९४० च्या जूनमध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून त्या एकाएकी ब्रिटिश सरकारच्या शत्रुपक्षात गणल्या गेल्या. त्यांचे पुत्र मारिओ यांस अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्यांची सुटका झाली. पुढील वर्षे मायलेकांनी भारतातील शिक्षकांस घडविण्यात घालविली. मुलास संपूर्ण पृथ्वी आधी दाखवावी असे सांगणाऱ्या या बाई स्वतः अशा प्रसंगातून गेल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या लाकडी नकाशाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

घरी काय करावे

ज्या गावी अशी बालशाळा नाही, तेथील पालकांनी निराश होण्याचे कारण नाही. आशियाचा नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा. सीमा अतिशय वेड्यावाकड्या असल्यास कापताना थोड्या सोप्या केल्या तरी चालेल, पण भारताचा तुकडा अचूक असावा. तुकडे फार लहान नसावेत आणि तीन वर्षांखालील भावंडांच्या हाती ते लागू देऊ नयेत. परात, शाडू आणि तांब्या तर प्रत्येक घरी आहेत. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. मूल उठून गेले, तर त्यास बोलावून बसवू नये. ते उद्या आपण होऊन येईल. आणि पाहुण्यांपुढे परीक्षा घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

शिकविण्यास प्रारंभ कोणत्या दिवशी करावा, असे विचाराल तर पावसाळ्यातील कोणताही दिवस चांगला. पाऊस थांबला, की मुलाचे बोट धरून दारी उतरावे. अंगणातील किंवा रस्त्यावरील पाणी कोणत्या बाजूस वाहते, ते पाहावे आणि त्याच्यामागे थोडे चालत जावे. ते गटारात जाते, ओढ्यात जाते की तलावात, हे मुलानेच आपणांस दाखवावे. एखाद्या डबक्यात मातीचा उंचवटा वर आलेला दिसला, की तेथे थांबावे आणि त्यास काय म्हणतात, ते त्यालाच विचारावे.